रुप्यांत रंगविलेलीं चित्रें

परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड यांसारख्या कोणत्याहि जुन्या पेठेच्या गांवीं सराफकट्ट्यावर पूर्वीं एक माणूस हटकून दृष्टीस पडे. त्याला झारेकरी म्हणत. सोनारांच्या दुकानांपुढची धूळ, गटारांतला गाळ आणि बागेसरींतली राख तो गोळा करी, पाटींत घालून पाण्यानें धूत बसे, आणि शेवटीं तळाशीं राहिलेला सोन्यारुप्याचा कण विकून आपलें पोट भरी. सोनाराच्या कानशीखालून जें निसटलें तें याच्या पाटींत सांपडे. त्याच्या धंद्यांत कोणाचें नुकसान नव्हतें. जें मातींत जावयाचें तेंच तो पुन्हा बाजारांत आणी.

विसाव्या शतकांत याच धंद्याचा एक निराळा प्रकार मोठ्या शहरांतून चालला. तेथें धुतलीं जात तीं चित्रपटांचीं रिळें. फिल्मच्या पट्टीवर जो काळापांढरा देखावा दिसतो, त्यांतला काळेपणा म्हणजे खरोखरीची चांदी असते. जुन्या रिळांचे भारे वजनावर विकत घेऊन, त्यांवरचा सरसाचा थर उतरवून, त्यांतली चांदी काढून घेत. १९३१ सालीं बोलपट आला आणि मूक चित्रपटांना गिऱ्हाईक उरलें नाहीं. मग डब्यांतल्या फिल्मला चित्र म्हणून किंमत राहिली नाहीं. धातू म्हणून मात्र ती राहिली. हिंदुस्थानांत तेराशेंहून अधिक मूक चित्रपट निघाले असतां त्यांतले अगदीं थोडे आज पाहावयास मिळतात. कांहीं चांदीपायीं गेले, कांहीं आगींत जळाले, कांहीं डब्यांतल्या डब्यांत कुजून त्यांची भुकटी झाली.

ज्यांच्या कामाचा मोठा भाग असा नाहींसा झाला, त्यांमध्यें कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. महाराष्ट्र त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो. चित्रकलेच्या शाळेंत ते गेले नाहींत, आणि चित्रपटाची विद्या शिकविणारी शाळा तर त्या काळीं या देशांत अस्तित्वांतच नव्हती. माणूस जसा दिसतो, घर जसें दिसतें, अंधार जसा दिसतो, तसा दाखविण्याचें सामर्थ्य त्यांनीं आपल्या आपण संपादन केलें, आणि मग तें सामर्थ्य रंग, माती व चांदी या तिन्हींमध्यें वापरलें.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजीं कोल्हापुरांत झाला. वडील कृष्णराव मेस्त्री हे हरहुन्नरी कारागीर. मेस्त्री या नांवांतच घराचा धंदा सांगितलेला आहे. लांकूड असो, माती असो वा रंग असो, त्या घरांत हत्यार हातीं धरतां आलें म्हणजे मूल मोठें झालें असें समजत. शाळेंतलें शिक्षण बाबूरावांच्या वांट्याला अल्पच आलें. पण कारागिराच्या घरीं वाढलेल्या मुलाला एक गोष्ट पुस्तकावांचून कळते: वस्तु डोळ्यांनीं पाहणें निराळें आणि ती हातानें करण्यासाठीं पाहणें निराळें. दुसऱ्या प्रकारच्या पाहण्यांत कोपरा कोठें वळतो, सावली कोठें संपते, वजन कोणत्या पायावर पडतें, या गोष्टी सुटून चालत नाहींत.

त्या वेळच्या कोल्हापुरावर छत्रपति शाहू महाराजांचें राज्य होतें. कुस्ती, गाणें, नाटक आणि चित्र या चारींना तेथें आश्रय होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून आलेले आबालाल रहिमान कोल्हापुरांतच राहून चित्रें काढीत असत. मुंबईची ती शाळा १८५७ सालीं निघाली होती. तेथें ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे ठसे पुढें ठेवून विद्यार्थ्यांचे हात बसवीत. शरीररचना व यथार्थदर्शन शिकवीत. शिवाय राजा रविवर्म्याच्या छापखान्यांतून निघालेल्या तसबिरी घरोघर भिंतींवर लागलेल्या होत्या. म्हणजे वास्तवदर्शी चित्र हें शाळेबाहेरच्या माणसालाहि पाहावयास मिळत होतें. पाहावयास मिळणें आणि काढतां येणें यांत मात्र बरेंच अंतर असतें. बाबूराव आणि त्यांचे चुलत बंधु आनंदराव यांनीं तें आपल्या मेहनतीनें तोडलें.

१९१० ते १९१६ या काळांत या दोघां भावांची कीर्ति नाटकाच्या पडद्यांमुळें पसरली. संगीत नाटकांचा तो भरभराटीचा काळ. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श मंडळी आणि मुंबईच्या पारशी-गुजराती नाटक कंपन्या यांना रस्त्याचा, जंगलाचा, राजवाड्याचा, दिवाणखान्याचा पडदा लागे. पात्रांच्या गाण्याप्रमाणें पडद्यालाहि टाळी पडावी असे ते दिवस होते. सपाट कापडावर खांबांच्या रांगा मागें मागें जात आहेत असें दाखवावयाचें, आणि तेंहि नाटकगृहाच्या मागच्या बांकावरील प्रेक्षकाला खरें वाटेल असें, हें काम लहान कागदावर चित्र काढण्यापेक्षां फार अवघड. चितारी पडद्याच्या अगदीं जवळ उभा असतो, त्याला स्वतःला नुसते फराटे दिसतात. चित्र दिसावयाचें तें दुसऱ्याला, दूर बसलेल्याला. पेंटर हें नांव भावांना मिळालें तें या कामामुळें, आणि तें इतकें चिकटलें कीं मेस्त्री हें आडनांव मागें पडलें.

१९१३ सालीं दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस लागला. तो पाहिल्यावर या दोघां पेंटरांना चित्रपटाचें वेड लागलें. याचें आश्चर्य वाटावयास नको. आयुष्यभर ज्यांनीं स्थिर पडद्यावर खरेपणाचा भास उत्पन्न केला, त्यांच्यापुढें एक हलणारा पडदा आला. प्रथम त्यांनीं चित्रपट दाखविण्याचा धंदा करून पाहिला. दाखविण्याचें यंत्र हाताखालीं आल्यावर फिल्म पुढें कशी सरकते तें समजूं लागलें, आणि मग घेण्याचें यंत्र, म्हणजे कॅमेरा, स्वतःच कां बनवूं नये असा विचार पक्का झाला.

या विचारांतलें धाडस आज सहज लक्षांत येत नाहीं. महायुद्ध चालू होतें. फाळक्यांनीं विलायतेस जाऊन यंत्र आणलें. या भावांपाशीं तसा पैसा नव्हता. चित्रपटाच्या कॅमेऱ्याचें सारें मर्म एका खोड्यांत असतें. फिल्मची पट्टी क्षणभर अगदीं निश्चल थांबली पाहिजे, त्या क्षणीं भिंगापुढची झडप उघडली पाहिजे, मग झडप मिटून एक नखी पट्टीच्या कडेच्या भोंकांत शिरून तिला बरोबर एक चौकट पुढें ओढून पुन्हा बाहेर आली पाहिजे. हें सर्व एका सेकंदांत सोळा वेळां व्हावयाचें, आणि तेंहि हातानें फिरविलेल्या दांड्यावर. एखादें चाक केसाइतकें बसकें झालें तर पडद्यावरचें चित्र थरथरूं लागतें. हें यंत्र जुळविण्याच्या खटपटींतच १९१६ सालीं आनंदरावांना मृत्यूनें गांठलें. जोडीचें काम एकट्यावर आलें. बाबूरावांनीं तें सोडलें नाहीं. विष्णुपंत दामले या यंत्रकुशल शिष्याला हाताशीं धरून १९१८ सालीं त्यांनीं चालता कॅमेरा उभा केला.

येथून बाबूरावांच्या हातीं नवें द्रव्य आलें. नवें म्हणावयाचें कारण असें कीं, तैलरंग किंवा माती यांच्याशीं त्याचें कांहीं साम्य नव्हतें. फिल्मच्या पारदर्शक पट्टीवर सरसाचा पातळ थर असतो आणि त्या थरांत चांदीच्या क्षारांचे असंख्य सूक्ष्म कण असतात. ज्या कणावर उजेड पडला त्याच्यांत बदल होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाहीं. अंधाऱ्या खोलींत विशिष्ट रसायनांत पट्टी बुडविली म्हणजे उजेड लागलेल्या कणांची शुद्ध चांदी होऊन ती काळी दिसूं लागते. उजेड न लागलेले कण हायपोच्या पाण्यांत विरघळून निघून जातात. असें उलटें चित्र तयार झालें कीं त्यावरून दुसऱ्या पट्टीवर सुलटें छापावयाचें. सोनार चांदी ठोकतो, तार ओढतो, ठशांत दाबतो. येथें चांदीला आकार देणारें हत्यार म्हणजे प्रकाश, आणि ती चांदी चकाकत नाहीं, काळी पडते. एक हजार फुटांच्या रिळांत अशीं सोळा हजार चित्रें असतात आणि तीं सोळा-सतरा मिनिटांत डोळ्यांपुढून निघून जातात.

रंग ओळखणाऱ्या माणसाची या कामांत मोठी फसगत होण्यासारखी होती. त्या काळची सर्वसाधारण फिल्म तांबड्या रंगाला आंधळी होती. कुंकवाचा टिळा तिच्यावर काजळासारखा उमटे. निळें आकाश कोऱ्या कागदासारखें पांढरें पडे. सांवळ्या चेहऱ्यांतली तांबूस छटा होती त्याहून काळी दिसे. जरतारी लाल शालू नेसलेली राणी आणि काळें लुगडें नेसलेली दासी पडद्यावर जवळजवळ सारख्याच दिसावयाच्या. म्हणून अशा फिल्मवर काम करणाऱ्याला डोळ्यांना दिसणारे रंग मनांतल्या मनांत पुसून टाकून, फक्त काळोख आणि उजेड यांच्या पायऱ्या मोजाव्या लागत. चेहऱ्याला कोणता लेप, भिंतीला कोणता रंग, हें सर्व त्या हिशेबानें ठरवावें लागे. नाटकाचे पडदे रंगविलेल्या माणसाला हा हिशेब इतरांपेक्षां लवकर साधला असला पाहिजे. कारण वस्तु जवळून कशी दिसते हें विसरून ती शेवटीं पाहणाऱ्याला कशी दिसेल याचा विचार करण्याची संवय त्याला अगोदरच जडलेली होती.

यंत्र झालें, पण धंद्याला भांडवल पाहिजे. तें तानीबाई कागलकर या गायिकेनें पुरविलें. चित्रपटांत पैसा घालणें हा त्या वेळीं शहाण्या सावकारांनाहि वेडेपणा वाटत होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे या बाईंच्या धैर्याची किंमत कळते. मराठी चित्रपटाच्या इतिहासांत त्यांचें नांव अधिक ठळक अक्षरांत यावयास हवें होतें. शाहू महाराजांनींहि जागा व वीज यांची सोय करून दिली. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिच्या आवारांत विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, आणि थोड्याच दिवसांत शांताराम वणकुद्रे हा पोरसवदा तरुण, अशीं माणसें झाडण्या-पुसण्यापासून नट होण्यापर्यंत पडेल तें काम करीत शिकूं लागलीं. शाळेंत न गेलेल्या माणसानें काढलेली ती शाळाच होती.

पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० सालीं पुण्याच्या आर्यन चित्रगृहांत लागला. विषय कीचकवधाचा. याच विषयावरील कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें नाटक सरकारनें १९१० सालीं बंद केलें होतें. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हें प्रेक्षकांना सांगावें लागत नव्हतें. स्त्रियांचीं कामें गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांनींच केलीं. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी या नांवांनीं आल्या. भीमाचें काम बाळासाहेब यादवांचें व कीचकाचें झुंझारराव पवारांचें. भीम कीचकाला ठार करतो तो प्रसंग बाबूरावांनीं इतका हुबेहूब घेतला कीं प्रेक्षागृहांत किंकाळ्या उठूं लागल्या, आणि पुढें तो भाग परीक्षकांनीं काढावयास लावला. लोकमान्य टिळकांनीं हा चित्रपट पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्याच वर्षीं १ ऑगस्ट रोजीं लोकमान्य निवर्तले.

हुबेहूबपणाची ही पहिली पायरी. तीमध्यें कलेपेक्षां करामतीचा भाग अधिक होता असें म्हटलें तर बाबूरावांवर अन्याय होणार नाहीं. पाहणारा दचकला म्हणजे तें खरें, ही खरेपणाची कसोटी जत्रेंतल्या जादुगाराची आहे. ते तेथें थांबले नाहींत, हें त्यांचें वैशिष्ट्य. नाटकी रंगविलेला पडदा त्यांनींच चित्रपटांतून हद्दपार केला. ज्या विद्येनें त्यांना नांव दिलें तिचाच त्याग करून त्यांनीं लांकडाचीं व मातीचीं खरीं घरें, खरे दरवाजे, ज्यांत माणसाला वावरतां येईल असे वाडे उभे केले. कॅमेरा चार पावलें बाजूला सरकला कीं पडद्यावरच्या खांबांचा मागें जाण्याचा भास नाहींसा होतो, हें पडदे रंगविणाऱ्याहून अधिक कोणाला कळणार! १९२३ सालीं हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून घेतलेल्या 'सिंहगड' चित्रपटांत त्यांनीं रात्रीच्या प्रसंगांसाठीं विजेचा कृत्रिम प्रकाश वापरला. तोंपर्यंत सूर्य मावळला कीं काम आटोपे, आणि रात्र दाखवावयाची ती दिवसा घेऊन. दिव्यांमुळें अंधार हा कलावंताच्या ताब्यांत आला. कोठें किती काळें ठेवावयाचें तें आतां सूर्य ठरवीत नव्हता, बाबूराव ठरवीत होते.

जाहिरातीकडेहि ते चिताऱ्याच्याच डोळ्यानें पाहत. चित्रपटाचें कथानक आणि छायाचित्रें असलेली पुस्तिका १९२१-२२ च्या सुमारास त्यांनींच प्रथम काढली. भिंतींवर लावावयाचीं रंगीत चित्रें ते स्वतः रंगवीत. १९२४ च्या 'कल्याण खजिना' या शिवकालीन चित्रपटाला लंडनच्या वेंबली प्रदर्शनांत पदक मिळालें. आणि हिंदी चित्रपटांच्या उपलब्ध भित्तिचित्रांत सर्वांत जुनें म्हणून जें दाखविलें जातें तें याच चित्रपटाचें, बाबूरावांच्या हातचें आहे. पावसाउन्हांत चार दिवस टिकावें म्हणून काढलेला कागद शंभर वर्षें राहिला.

यानंतर १९२५ सालीं आला तो 'सावकारी पाश'. बाबूरावांचें नांव ज्या एका कृतीसाठीं घेतलें जावें, ती ही. कथा नारायण हरि आपटे यांची. शेतकरी कर्जांत सांपडतो, सावकार त्याची जमीन गिळतो, आणि शेवटीं तो आपलें गांव सोडून शहरांत गिरणीकामगार होतो. शेतकऱ्याचें काम शांताराम वणकुद्रे यांनीं केलें, सावकाराचें झुंझारराव पवारांनीं. यांत देव नव्हता, राक्षस नव्हता, किल्ला नव्हता, तलवार नव्हती. जी गोष्ट दख्खनच्या प्रत्येक तालुक्यांत घडत होती ती येथें पडद्यावर आली. पुणें जिल्ह्यांतल्या सुपें येथें १८७५ सालीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे कागद जाळले होते, आणि त्यानंतर चार वर्षांनीं कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीं सरकारला कायदा करावा लागला होता. निजामाच्या राज्यांतल्या मराठवाड्यांत, परभणीकडच्या कापसाच्या पट्ट्यांतहि, रान काळें असलें तरी शेतकऱ्याच्या मानेवरचें जूं निराळें नव्हतें. अशा माणसाची कथा देवादिकांच्या बरोबरीनें पडद्यावर यावी, हाच त्या वेळीं मोठा नवलाचा प्रकार होता.

या चित्रपटांत बाबूरावांचा खरेपणा दुसऱ्या पायरीवर चढला. दचकविण्याचा हेतु येथें उरला नाहीं. अंधारांत बुडालेली एक दरिद्री झोपडी आणि तेथें भेसूर विव्हळणारें एक कुत्रें, एवढेंच एक दृश्य पाहणाऱ्यांच्या मनांत वर्षानुवर्षें राहिलें. चित्रपट मुका, कुत्र्याचा आवाज कोणाला ऐकूं येणें शक्यच नव्हतें. तरी तो ऐकूं आल्यासारखा वाटावा, इतका त्या काळोखाचा परिणाम होता. एखादा सामान्य कारागीर असता तर त्यानें शेतकऱ्याला छाती बडवावयास लावलें असतें. बाबूरावांनीं माणसाला बाजूला ठेवून त्याचें घर दाखविलें.

प्रेक्षकांनीं मात्र त्याचें म्हणावें तसें स्वागत केलें नाहीं. चार आणे देऊन गावांतल्या सावकारालाच पाहावयाचें, तर तो फुकट काय कमी दिसतो, असा कांहींसा तो व्यवहार असावा. लोकांना अद्भुत पाहिजे होतें, आणि कंपनीला पुढच्या चित्रपटासाठीं पैसा पाहिजे होता. 'भक्त प्रल्हाद', 'गजगौरी', 'मुरलीवाला', 'सती सावित्री' असे पौराणिक चित्रपट मग लागोपाठ निघाले. त्यांचें काम वाईट होतें असें नव्हे. पण 'सावकारी पाशा'नें जी वाट दाखविली ती तेथल्या तेथें बुजली. याचा दोष एकट्या बाबूरावांना देतां येत नाहीं. सोनार आपल्या हौसेखातर एखादा दागिना घडवूं शकतो; तो विकला नाहीं तर आटवून दुसरा घडवितां येतो. चित्रपटाचा खर्च आटवून परत मिळत नाहीं.

शिष्य आतां तयार झाले होते. १ जून १९२९ रोजीं दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनीं कोल्हापुरांतच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे आधारस्तंभ एकाच वेळीं निघून गेले. गुरूनें याबद्दल खंत केली असेल तर ती स्वाभाविक आहे, पण ज्या हातांना त्यांनीं हत्यार धरावयास शिकविलें त्यांनीं स्वतंत्र दुकान मांडणें हेंहि कारागिरीच्या धंद्याला धरूनच होतें. पुढें प्रभातनें काय मिळविलें तें सर्वश्रुत आहे. १९३१ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली.

बोलपटांच्या काळांत बाबूरावांनीं शालिनी सिनेटोनसाठीं 'उषा' केला आणि १९३६ सालीं 'सावकारी पाश' पुन्हां, या वेळीं बोलता, काढला. अकरा वर्षांनीं तोच विषय फिरून हातीं घ्यावासा वाटला, यावरून तो त्यांना किती जवळचा होता हें दिसतें. 'प्रतिभा' १९३७ सालीं आला. १९४७ सालच्या 'लोकशाहीर रामजोशी'च्या दिग्दर्शनांतहि त्यांचें नांव आहे. पण बोलपट हा शब्दांचा आणि गाण्यांचा बाजार होता, आणि बाबूरावांची सारी मिळकत डोळ्यांची. ते हळूहळू आपल्या मूळच्या चित्रांकडे व मूर्तींकडे वळले.

मूर्तिकामांतहि त्यांचे गुरु ते स्वतःच. पुतळा म्हणजे चारी बाजूंनीं पाहावयाचें चित्र; त्यांत प्रकाशाला एका जागीं बांधून ठेवतां येत नाहीं. मातींत घडवावयाचें, त्यावरून सांचा घ्यावयाचा, मग धातूचा रस ओतावयाचा. रसाला वाट नीट ठेवली नाहीं, हवा आंत अडकली, कीं महिन्यांची मेहनत भोंकें पडून वायां जाते. कोल्हापूरच्या शिवाजी चौकांत १९४५ सालीं बसविलेला शिवछत्रपतींचा पुतळा बाबूरावांनीं केला. ज्या जागीं पूर्वीं विल्सन या इंग्रज गव्हर्नराचा पुतळा होता त्याच जागीं तो उभा राहिला, म्हणून कोल्हापूरकरांना त्याचें विशेष अगत्य. मिरवणूक कोणतीहि असो, ती त्या चौकावरून जाते.

१६ जानेवारी १९५४ रोजीं बाबूरावांनीं कोल्हापुरांतच देह ठेवला. त्यानंतर दहा वर्षांनीं, १९६४ सालीं, पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें आणि जुन्या फिल्मचा शोध पद्धतशीरपणें सुरू झाला. तोंवर फार उशीर झाला होता. जुनी फिल्म ज्या द्रव्यावर असे तें नायट्रोसेल्युलोज पाण्याखालींहि जळत राहतें. त्यामुळें तीं रिळें संभाळणें म्हणजे घरांत दारू ठेवण्यासारखें. ज्याला चित्रपट परत दाखवावयाचा नाहीं तो माणूस तीं विकून मोकळा होई. संग्रहालयाच्या माणसांनीं गांवोगांव फिरून विचारपूस केली तेव्हां त्यांना कित्येक ठिकाणीं हेंच उत्तर मिळालें कीं, चांदीसाठीं दिलीं. पहिला हिंदी बोलपट 'आलम आरा' तोहि आज कोठें नाहीं.

मूक 'सावकारी पाशा'ची प्रत उपलब्ध नाहीं. दाखविण्याच्या प्रतींत जेथें चित्र काळें असतें तेथें चांदी जास्त असते, आणि जेथें उजळ तेथें कमी. देवांच्या चित्रपटांतल्या लखलखीत दरबारांपेक्षां त्या अंधाऱ्या झोपडीच्या पट्टींतून विकत घेणाऱ्याला हातभर लांबीमागें थोडी अधिकच चांदी मिळावयाची. त्या चित्रपटाचीं कांहीं स्थिर छायाचित्रें तेवढीं राहिलीं आहेत. त्यांपैकीं एकांत तरुण शांताराम शेतकऱ्याच्या वेषांत दिसतात.